शंभरातले सहा

कुंडलिक जनावरांचा व्यापारी होता, गावच्या भाषेत हेडी. जनावराच्या तोंडात हात घालून, दात चाचपून, ते अजून किती वर्षं औताला चालेल हे तो सांगत असे. त्याचा अंदाज बऱ्याचदा चुकायचा, पण चुकला हे कळेपर्यंत जनावर दुसऱ्या तालुक्यात गेलेलं असायचं. त्यामुळे त्याचा आत्मविश्वास कधी कमी झाल्याचं वेल्ह्यात कुणी पाहिलं नव्हतं.

हाच आत्मविश्वास त्याने आपले दाजी आनंदराव यांच्यावरही वापरला. आनंदराव म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे, फुलाबाईचे, यजमान. विंझरला दोनदा सरपंच झालेले, आवाज दमदार, चालणं दमदार, आणि गेली तीन वर्षं पोटही दमदार. पुण्याच्या डॉक्टरांनी त्या पोटाचं नाव सिरॉसिस असं सांगितलं होतं. यकृत आकसून घट्ट झालंय, त्याच्यामुळे पोटात पाणी साठतंय, आणि त्या पाण्याच्या दाबानं बेंबीतून लिंबाएवढा गोळा बाहेर येतोय. कारण विचारलं तर डॉक्टर म्हणाले, साखर आणि चरबी.

इथेच सगळी पंचाईत झाली. आनंदरावांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. दोन्ही निवडणुका त्यांनी दुसऱ्यांना पाजून आणि स्वतः ताक पिऊन जिंकल्या होत्या. पण मार्गासनी ते वेल्हे या पट्ट्यात माणसाचं यकृत एकाच कारणानं जातं असं लोकमत आहे, आणि लोकमतापुढे सोनोग्राफीचं काही चालत नाही.

“प्यायलो असतो तर बरं झालं असतं,” आनंदराव म्हणायचे. “बदनामी व्हायचीच हाय, ती निदान फुकट तरी गेली नसती.”

म्हणून घरात ठरलं, आजाराचं नाव गॅस. विंझरमध्ये गॅस सगळ्यांनाच असतो, त्याला कुणी कारण विचारत नाही. मध्यंतरी दिवाळीत दाजींच्या डोक्यावर परिणाम झाला, तेव्हाही गॅसच डोक्यात गेला असं सांगण्यात आलं. खरं तर त्या दिवशी ते सकाळी गोठ्यात जाऊन म्हशींपुढे ग्रामसभा घेत होते आणि कोरम भरल्यामुळे दोन ठराव मंजूरही झाले होते. पुण्याच्या डॉक्टरांनी समजावलं, यकृत दमलं की रक्तातली घाण मेंदूपर्यंत जाते. त्यांनी एक गोड सिरप दिलं. त्यानं दिवसातून तीन-चारदा पोट साफ होई आणि डोकं ताळ्यावर राही.

असं सगळं झाकून ठेवलेलं सुरळीत चालू असताना वर्षाराणीचं लग्न जमलं.

वर्षाराणी आनंदरावांची एकुलती एक मुलगी. मुलगा मार्गासनीचा, शिरवळच्या कंपनीत कामाला. त्याचे वडील रखमाजी हे व्यवहारी गृहस्थ होते. कुठलीही गोष्ट ते दोनदा विचारत आणि तिसऱ्यांदा शेजाऱ्याला विचारत. साखरपुडा भातलावणी उरकल्यावर धरला.

चार दिवस आधी कुंडलिक विंझरला आला, ओट्यावर बसला आणि दाजींकडे बाजारात बैलाकडे बघतात तसा डोळे बारीक करून बघत राहिला.

“दाजी, पोट कमी केलं पायजे.”

“उपास करू व्हय?”

“उपासानं पाणी हटतंय का? पाणी काढायचं. मागं पुण्याला काढलं व्हतं तसं.”

“आरं पर तवा लई फुगलं व्हतं. आता तसा तरास न्हाई.”

“तरासासाठी कोन काढतंय? रखमाजी नजरेनं माप घेणारा माणूस हाय. त्यानं पोट बघितलं की पोट न्हाई दिसायचं त्याला, बाटली दिसंल.”

वर्षाराणी आतून म्हणाली, “मामा, त्यांना सरळ सांगून टाकू ना. आज ना उद्या कळणारच आहे.”

“उद्या कळू दे,” फुलाबाई म्हणाली. “आज नगं. तू साड्या बघ.”

बाजाराला न्यायच्या आधी बैलाची शिंगं तासतात, अंग धुतात, तेल लावतात. खपाटीला गेलेल्या पोटाच्या जनावराला मीठ चारून वर पाणी पाजतात, म्हणजे कूस भरलेली दिसते. कुंडलिकने हे आयुष्यभर केलं होतं. इथे फक्त उलटं करायचं होतं. साखरपुड्याच्या दोन दिवस आधी तो दाजींना पानशेत रस्त्यावरच्या एका दवाखान्यात घेऊन गेला.

तिथले डॉक्टर म्हणाले, “थोडंसं काढू. एकदम सगळं नको.”

“आता बसलोच हाय तर उरकूनच घ्या की,” कुंडलिक म्हणाला. “परत कुठं हेलपाटा घालायचा?”

डॉक्टर नाही म्हणत होते, कुंडलिक हो म्हणत होता, आणि हो-नाहीच्या बाबतीत कुंडलिकचा अनुभव जास्त होता. दोन हंडे पाणी निघालं. त्या बदल्यात अंगात ताकद राहावी म्हणून डॉक्टरांनी अल्ब्युमिनची, म्हणजे रक्तातल्या प्रोटीनची, महागडी बाटली लावली. निघताना ते म्हणाले, “बेंबीकडे लक्ष ठेवा. पाणी एकाएकी कमी झालं की आतडं त्या भोकात अडकू शकतं.”

कुंडलिकने मान हलवली. तो दाजींची कंबर बघत होता. जाकिटाची सगळी बटणं लागत होती.

साखरपुडा झकास झाला. फुलाबाईने खबरदारी म्हणून सिरपही दोन दिवस बंद ठेवलं होतं. पाव्हणे बसलेले असताना यजमानांनी सारखं परसाकडे पळणं बरं दिसलं नसतं. रखमाजींनी आनंदरावांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “सरपंच, तब्येत बरी राखलीय तुमी.”

“शेतातलं खाणं,” आनंदराव म्हणाले.

जेवणाच्या पंगतीत दुसऱ्यांदा जिलेबी फिरत असताना आनंदरावांनी पोटावर हात ठेवला आणि ते वाकले. बेंबीतला गोळा दगडासारखा घट्ट झाला होता. रोज बोटानं दाबला की आत जायचा, आज हात लावू देईना. मग उलटी झाली, मग दुसरी. तोंड पांढरं पडलं.

गाडी कुणाची, याची चर्चा सुरू व्हायच्या आतच रखमाजी किल्ली घेऊन उभे होते. “माझी गाडी दारात हाय. चला.”

घरातल्या कुणालाही ते नको होतं आणि नको म्हणायला कुणाकडेही कारण नव्हतं.

नसरापूर मागे पडलं, कापूरहोळला गाडी भोरकडे वळली. मागे दाजींचं डोकं मांडीवर घेऊन फुलाबाई, पुढे कुंडलिक, आणि चालवताना आरशात बघत रखमाजी.

“आधी कधी असं झालं व्हतं का?”

“कधीच न्हाई,” कुंडलिक म्हणाला.

“कधीच?”

“गॅस व्हतो जरा.”

“गॅसनं माणूस असा पांढरा पडतो?”

“वरच्या प्रतीचा गॅस हाय त्यांचा,” कुंडलिक म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघायला लागला.

भोरच्या त्या छोट्या हॉस्पिटलात डॉक्टर सार्थक हे तरुण सर्जन होते. त्यांनी गोळा तपासला, हलक्या हातानं आत ढकलून बघितला, जाईना. रक्त घेतलं, सोनोग्राफी केली, नाकातून नळी घातली, सलाईन लावलं. मग नातेवाइकांना खोलीत बोलावलं. रखमाजीही आत आले. “मी काय परका हाय का?” असं त्यांनी विचारलं, आणि ‘हो’ हे उत्तर साखरपुड्याच्या दिवशी देता येत नाही.

“आतडं अडकलंय,” डॉक्टर म्हणाले. “ऑपरेशन करावंच लागेल आणि लवकर करावं लागेल. एरवी हे किरकोळ काम आहे. पण यांचं लिव्हर मला बरोबर दिसत नाही. कडा खडबडीत आहेत. सुरुवातीचा सिरॉसिस वाटतोय.”

“ते काय असतं?” फुलाबाईने इतक्या निरागसपणे विचारलं की कुंडलिकला बहिणीचा अभिमान वाटला.

“लिव्हर दमलेलं असलं की भूल सोसत नाही, रक्त थांबत नाही, जखम भरत नाही. म्हणून आधी धोका मोजायचा. अशा हजारो पेशंटांचं ऑपरेशननंतर काय झालं त्यावरून बसवलेलं गणित आहे.” डॉक्टरांनी मोबाईल पुढे केला. “वय, रक्ताचे रिपोर्ट, पोटातलं पाणी, ऑपरेशन तातडीचं की सवडीचं, हे सगळं घातलं की असल्या शंभर माणसांतली तीन महिन्यांत किती दगावतात, ते कळतं.”

कुंडलिक खुर्चीत सरसावून बसला. आपल्या धंद्याचं मशीन निघालंय हे त्याला माहीत नव्हतं.

“पोटात पाणी झालं होतं कधी?” डॉक्टरांनी विचारलं. “सोनोग्राफीत अगदी थोडं दिसतंय.”

फुलाबाईने रखमाजींकडे पाहिलं. “न्हाई.”

“कधी असंबद्ध बोलणं? माणसं न ओळखणं? दिवसा झोप, रात्री जाग?”

“छ्या. लई हुशार हाईत.”

“सरपंच व्हते,” कुंडलिकने पुरावा जोडला.

“तो पुरावा धरता येत नाही,” डॉक्टर टाइप करता करता म्हणाले. “औषधं कुठली चालू?”

“गॅसची गोळी.”

डॉक्टरांनी रिपोर्ट चाळला. “अल्ब्युमिन तर फारच छान आहे. हं. सहा.”

“काय सहा?” रखमाजींनी विचारलं.

“शंभरात सहा जणांना धोका. चौऱ्याण्णव सुखरूप.”

“सहा जरा जास्ती वाटतंय,” कुंडलिक म्हणाला. “पाच करा.”

“अहो, हा भाव मी लावलेला नाही.”

“तरी बी. घरचं मानूस हाय.”

“मशीन ओळख बघत नाही,” डॉक्टर म्हणाले. पण ते खुशीत होते. “सहा असेल तर मी इथंच करतो, वाट बघण्यात अर्थ नाही. दहा-बाराच्या वर असतं तर पुण्याला पाठवलं असतं. तिथं लिव्हरचे डॉक्टर आहेत, आयसीयू आहे, रक्तपेढी आहे. माझ्याकडे दोन पिशव्या रक्त आणि एक भूलतज्ज्ञ आहेत. तेही आत्ता जेवायला बसलेत.”

सगळे बाहेर आले. फुलाबाईने डोळे पुसले आणि पदरानेच रखमाजींसाठी बाकावरची धूळ झटकली. सहा म्हणजे काहीच नाही. कुंडलिकनेही मिशीवरून हात फिरवला. दाजी वाचणार, लग्न टिकणार, आणि रखमाजीला अजून काही म्हणजे काही कळलेलं नाही. एवढा सफाईदार सौदा त्याने आयुष्यात केला नव्हता.

मग दारातून डॉक्टरांचा आवाज आला. ते भूलतज्ज्ञांना फोनवर सांगत होते.

“जेवण होऊ द्या, मग या. सोपी केस आहे. लिव्हर सुरुवातीचं आहे, पोटात पाणी नाही, अल्ब्युमिन उत्तम, डोकं एकदम स्वच्छ. काही त्रास देणार नाही.”

कुंडलिकचा मिशीवरचा हात थांबला.

हे बोलणं त्याच्या ओळखीचं होतं. लहान पोरगं धरील. एका हाकेला उभा राहतो. काही त्रास देणार नाही. हे तो स्वतः दर बाजाराला म्हणत असे, आणि सकाळी उठून ज्या बैलाला धुतलेलं असतं त्याच्याच बद्दल म्हणत असे. फरक इतकाच होता की आज हे बोलणारा विकणारा नव्हता, घेणारा होता. माल बघून, दात चाचपून, मशीन लावून, खात्रीनं फसलेलं गिऱ्हाईक. आणि त्या डॉक्टरांनी मोजलेलं जवळजवळ सगळं कुंडलिकने परवा स्वतःच्या देखरेखीखाली बनवून घेतलं होतं. पोटात पाणी नव्हतं, कारण ते पानशेत रस्त्यावरच्या मोरीत गेलं होतं. अल्ब्युमिन उत्तम होतं, कारण ते बाटलीतलं होतं.

जनावरांच्या बाजारात काय लपवायचं याला मर्यादा नाही. वय लपवतात, लंगडेपणा लपवतात, ओढता ओढता खाली बसतो हेही लपवतात. घेणाऱ्यानं ते शोधायचं, नाही सापडलं तर त्याचं नशीब. फक्त एक खोड लपवत नाहीत. बैल मारका असेल तर सांगायचंच. कारण तो उद्या दुसऱ्याच्या अंगणात उभा राहणार, आणि तिथे बाया-पोरं असणार. ते मोठ्यानं सांगत नाहीत, त्यात मालकाचा अपमान होतो. हातावर टॉवेल टाकून, घेणाऱ्याची बोटं धरून, भाव ठरवता ठरवता खालच्या आवाजात सांगायचं. जो हे सांगत नाही, त्याच्या हातावर पुन्हा कुणी हात ठेवत नाही. कुंडलिकने शंभर गोष्टी लपवल्या असतील, मारका कधी लपवला नव्हता.

बाकावर फुलाबाई आणि रखमाजी बसले होते. तो उठला, खांद्यावरचा टॉवेल काढला, दारात उभ्या असलेल्या डॉक्टरांचा हात धरला आणि वर टॉवेल टाकला.

डॉक्टर दचकले. “अहो, हे काय? पैसे नंतर, तिकडे काउंटरवर.”

“पैसं न्हाईत. बोटं धरतोय.”

“कशासाठी?”

“मोठ्यानं बोलायचं न्हाई म्हनून.”

बाकावरून रखमाजी कौतुकानं बघत होते. “बिल पाडून घेतोय वाटतं,” ते फुलाबाईला म्हणाले. “पक्का हाय तुमचा भाऊ.”

कुंडलिक डॉक्टरांच्या कानाशी गेला. “डॉक्टर, बैल मारका हाय.”

“कुठला बैल?”

“आतला.”

डॉक्टरांनी आत पाहिलं, मग कुंडलिककडे पाहिलं.

“परवा पानी काढलंय,” कुंडलिक एका दमात म्हणाला. “दोन हंडे. तुमी म्हनता ते अल्ब्युमिन बी बाटलीतनं घातलंय. तीन वर्सं झाली लिव्हरला. दिवाळीत म्हशींची ग्रामसभा घेतली, त्यावर पुन्याचं सिरप हाय, ते दोन दिस बंद केलंय. डोकं आज स्वच्छ दिसतंय, पर किती टिकंल म्या सांगत न्हाई. पुन्याच्या डॉक्टरचा नंबर हाय माझ्याकडं.”

टॉवेलखाली डॉक्टरांच्या हाताची पकड आवळत गेली. “पाणी काढायची कल्पना कुणाची?”

कुंडलिक टॉवेलचं टोक सारखं करायला लागला. बाजारात अशा वेळी टॉवेल सारखा करण्याचा अर्थ सगळ्यांना कळतो, डॉक्टरांनाही कळला.

“तुम्हाला कळतंय का, मी त्यांना आत्ता टेबलावर घेणार होतो?”

“कळलं म्हनून तर हात धरला.”

डॉक्टरांनी हात सोडवून घेतला. पुढची काही मिनिटं खोलीचं दार बंद होतं आणि आतून फोनवरचं बोलणं ऐकू येत होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी जुने आकडे सांगितले. डॉक्टर सार्थकनी भूलतज्ज्ञांना पुन्हा फोन करून, सावकाश जेवा, असं सांगितलं. मग ते बाहेर आले.

“ऑपरेशन इथं होणार नाही. पुण्याला न्यायचं. ॲम्ब्युलन्स बोलावलीय, तिथं बोलणं झालंय, ते तयार आहेत.”

“का?” रखमाजी उभे राहिले. “आत्ता तर सहा व्हतं.”

“आता तेवीस आहे.”

“अर्ध्या तासात सहाचं तेवीस? शेअर बाजार हाय व्हय हा?”

“माहिती बदलली.”

“कुनी बदलली?”

“ते पेशंटना विचारल्याशिवाय मला सांगता येत नाही,” असं म्हणून डॉक्टर आत गेले. त्यांच्या मागे फुलाबाई आणि कुंडलिक गेले. रखमाजी दारापाशी थांबले. दार उघडंच होतं.

फुलाबाईला सगळं समजलं होतं. “कुंडल्या,” ती दातांवर दात ठेवून म्हणाली, “तोंड शिवून ठिवता आलं न्हाई तुला? माझ्या पोरीचं वाटोळं केलंस.”

“आक्का, सहा हे दाजींचं नव्हतं. म्या धुवून आनलेल्या मानसाचं व्हतं. पोट फाडल्यावर आत दाजीच निघाले असते.”

फुलाबाई पलंगाच्या पायथ्याशी गेली. नवऱ्याच्या पायांवरची चादर तिने नीट केली, मग पुन्हा एकदा नीट केली.

आनंदरावांच्या नाकात नळी होती, चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाजातला सरपंच शाबूत होता. “काय चाललंय, मला सांगा. विषय माझाच हाय ना?”

डॉक्टरांनी त्यांना काहीही न गाळता सांगितलं. सहा कसे आले, तेवीस कसे झाले.

“आन् ऑपरेशन न्हाईच केलं तर?”

“आतडं सडेल. मग धोका मोजायला मशीन लागत नाही.”

“म्हंजे करायचंच हाय. नुस्तं कुठं ते ठरवायचं.”

“हो. पुण्यात ते तेवीसवर तयारी करून बसतील. मी इथं सहावर बसलो असतो. रक्त थांबलं नसतं तर माझ्याकडे पुढं काहीच नव्हतं.”

आनंदरावांनी छताकडे बघून हिशेब केला. “तेवीस विरोधात. म्हंजे सत्त्याहत्तर आपल्या बाजूला?”

“हो.”

“दोनदा सरपंच झालो, पर एवढ्या बहुमतानं कधी निवडून आलो न्हाई. बोलवा ती गाडी.” मग ते मेहुण्याकडे वळले. “कुंडलिक, पाव्हन्यांना आत घे.”

“म्या सांगतो त्यांना, दाजी.”

“तू आज लई बोललास. आता मी बोलतो.”

रखमाजी आत आले. दारातून त्यांनी निम्मं ऐकलं होतं, तरी उरलेलं अर्धं त्यांनी शांतपणे उभं राहून ऐकलं. तीन वर्षं, पाणी, म्हशी, सिरप, जाकीट.

“दारू?” रखमाजींनी विचारलं.

“न्हाई. कधीच न्हाई.”

“सरपंच, आता खरंच सांगायला लागलाय तर...”

“अवो, न्हाई म्हनतोय ना! साखरेनं झालंय!”

“बरं बरं. साखर म्हना.” रखमाजींनी त्यांची समजूत घातली. “पोरीला ठावं व्हतं ह्ये?”

“तिला पहिल्यापास्नं सांगायचं व्हतं,” फुलाबाई हळूच म्हणाली. “आमीच गप केली तिला.”

रखमाजींनी बोटांवर हिशेब केला. “म्हंजे ह्या घरात एक मानूस खरं बोलणारं हाय. आन् आमी मागणी त्याच मानसाला घातलीय. मग अडचन कसली?” ते खिशातून किल्ली काढत म्हणाले. “ॲम्ब्युलन्स पुढं काढा. म्या मागनं येतो.”

पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात स्ट्रेचर आत गेल्या गेल्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारायला सुरुवात केली. आजार कधीपासून, आधी काय काय झालं. कुंडलिक तोंड उघडणार इतक्यात रखमाजी पुढे झाले. या माणसांवर खरं बोलण्याचं काम सोडायचं नाही, असं त्यांनी वाटेतच ठरवलेलं दिसत होतं.

“लिव्हर तीन वर्सं खराब,” ते खणखणीत आवाजात म्हणाले. आजूबाजूचे चार पेशंटही वळून बघायला लागले. “पानी परवा काढलं, दोन हंडे, समदं एकदम. सिरप बंद. म्हशींपुढं ग्रामसभा, कोरमसकट. आन् दारू.”

“किती?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“लई.”

नाकातल्या नळीसकट आनंदराव स्ट्रेचरवर अर्धे उठले. “दारू काढा त्यातनं! डॉक्टर, दारू खोडा!”

“झोपा बाबा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सगळे असंच म्हणतात.”

दिवस मावळायच्या आत त्यांना थिएटरात घेतलं. लिव्हरचे डॉक्टर हजर होते, रक्त आणून ठेवलं होतं, आणि ते लागलंही. भोरच्या दोन पिशव्या पहिल्या तासालाच संपल्या असत्या, असं नंतर कळलं. आतड्याचा एक तुकडा काळा पडला होता, तो कापून टाकावा लागला.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. आनंदरावांचं डोकं दोनदा फिरलं. आयसीयूत त्यांनी सिस्टरना ग्रामसेवक समजून दप्तर तपासायला मागितलं आणि शेजारच्या पेशंटची घरपट्टी माफ केली. डोळे पिवळे झाले, पुन्हा पोटात पाणी धरलं. कुंडलिक रोज सकाळी काचेतून बघायचा. फुलाबाई विचारायची, “काय वाटतंय रं तुला?” आणि सबंध आयुष्यात ज्याने या प्रश्नाला उत्तर दिलं नाही असं कधी झालं नव्हतं तो माणूस म्हणायचा, “डॉक्टरांना इचारतो.”

मग एका दुपारी दाजींनी त्याला नावानं हाक मारली, ग्रामसेवक कुठे गेला म्हणून विचारलं नाही, आणि पेजेत मीठ कमी आहे अशी तक्रार केली. मीठ डॉक्टरांनीच कमी केलं होतं. तक्रार मात्र शुद्धीतली होती. त्यांना वॉर्डात हलवलं.

कुंडलिकने भोरला फोन लावला.

“कसे आहेत?” डॉक्टर सार्थकनी विचारलं.

“सत्त्याहत्तरातलं हाईत.”

“अजून मोजू नका. ते गणित तीन महिन्यांचं आहे. आणि हर्निया, म्हणजे बेंबीतला तो गोळा, गेला तरी लिव्हर तेच आहे, हे त्यांना सांगा. पुण्याला तपासणी चुकवायची नाही.”

“सांगतो.”

“आणि बैल धुवायचा नाही.”

“न्हाई न्हाई,” कुंडलिक म्हणाला. “मानसाचा धंदा बंद.”

त्याच आठवड्यात रखमाजी वॉर्डात आले. मोसंबी आणली होती, ती त्यांनी सिस्टरला दाखवून, चालतील का असं विचारून, मगच पिशवीतून काढली. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मार्गासनीत आता सगळ्यांना आजाराचं माहीत झालं होतं, रखमाजींनी स्वतःच घरोघर सांगितलं होतं, आणि दारू नाही, साखर, हेही शपथेवर सांगितलं होतं. कुणाचाही विश्वास बसला नव्हता.

“ते सोडा,” रखमाजी खुर्ची पलंगाजवळ ओढून घेत म्हणाले. “लग्नाचं काय करायचं? म्या म्हनतो, उरकून टाकू. पुढच्या आठवड्यात. रजिस्टर लग्न, चार मानसं, मग सावकाश जेवणं घालू.”

“एवढी घाई कशापायी?”

“आसंच. म्हंजे, उगाच कशाला लांबवायचं.”

“रखमाजी, तीन महिने अजून मोजायचेत, ह्ये तुमाला कुनी सांगितलं?”

रखमाजींनी कुंडलिककडे पाहिलं. कुंडलिक खिडकीबाहेर बघायला लागला.

“तसं न्हाई सरपंच, पर तेवीस म्हंजे काय अगदीच थोडं न्हाई. मानसानं इचार करावा लागतो.”

आनंदरावांना हसू आलं. हसताना टाके ओढले, म्हणून त्यांनी उशी पोटाशी घट्ट धरली आणि मगच हसले. फुलाबाई त्यांच्यावर ओरडली. हसणं ओसरल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि सभा सुरू करताना करत तशी मान ताठ केली.

“तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरा,” ते म्हणाले. “मांडव घाला, पंगती घाला, समद्या मार्गासनीला बोलवा. मी असनार हाय.”

“पर डॉक्टर काय म्हनतात...”

“डॉक्टर सत्त्याहत्तर म्हनतात. माझं मत धरून अठ्ठ्याहत्तर. लिहा तारीख.”